अक्कांच्या पाठीबद्दल सविस्तर

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अक्कांच्या कण्याला ३६ अंशांचा बाक आहे म्हणजे ऑपरेशन करावेच लागणार का, एवढाच तुझा प्रश्न आहे. माझे मत असे की केवळ त्या आकड्यावरून प्रौढ माणसाच्या पाठीवर शस्त्रक्रिया कोणी ठरवू नये. मी हाडांचा डॉक्टर असलो तरी कण्याच्या एवढ्या मोठ्या शस्त्रक्रिया स्वतः करीत नाही. त्यामुळे ती व्हावी किंवा होऊ नये यात माझा काही स्वार्थ नाही, हे ध्यानात घेऊन पुढचे वाच.

हा कोन मोजण्याची रीत जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडली. तो १० अंश किंवा अधिक भरला की कण्याच्या अशा एका बाजूला गेलेल्या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयाच्या मुलांत त्या आकड्याला फार वजन असते, कारण हाडांची वाढ चालू असताना बाक झपाट्याने वाढू शकतो. मोठेपणी तसे होत नाही. लहानपणीचा बाक ३० अंशांच्या आत राहिला असेल तर तो बहुधा तेथेच थांबतो. पाठीच्या वरच्या भागातला ५० अंशांपलीकडे गेलेला बाक मात्र वर्षाला साधारण एकेक अंशाने पुढे सरकतो. अक्कांचे चित्र या दोन्हींहून निराळे आहे. सारे वळण कंबरेत आहे, तेथील मणक्यांमधल्या चकत्या एका बाजूने झिजून बसल्या आहेत आणि तिसरा मणका चौथ्यावरून बाजूला घसरला आहे. उतारवयात नव्याने होणारा बाक असाच दिसतो.

त्यांचा खरा त्रास पाठीचा नाहीच. महाद्वारातून निघून बिंदू चौकापर्यंत पोचेतो डाव्या पायात कळ भरते आणि एखाद्या पायरीवर टेकले किंवा पुढे वाकून उभे राहिले की काही मिनिटांत ओसरते. नुसते ताठ थांबून बरे वाटत असते तर मी पायाच्या रक्तवाहिन्यांवर संशय घेतला असता. पण पावलांची नाडी मी स्वतः तपासली आहे आणि ती उत्तम लागते. पुढे वाकल्यावरच आराम पडतो याचा अर्थ कंबरेतील नसांची वाट अरुंद झाली आहे, आणि एमआरआयही तेच सांगतो.

आता एक्स-रेबद्दल. तू पाठवलेली पहिली फिल्म झोपवून काढलेली होती. आडवे झाल्यावर कण्यावरचा भार उतरतो आणि बाक आहे त्याहून कमी दिसतो, म्हणून मी मानेपासून खुब्यापर्यंतचा, उभे करून, गुडघे न वाकवता, समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे पुन्हा काढून घेतले. यांतला बाजूचा माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा. तू जन्मभर भिंतींना ओळंबा लावलास, तसाच तो येथेही लावतात: मानेच्या शेवटच्या मणक्यापासून सोडलेली रेषा माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या मागल्या कोपऱ्याच्या किती पुढे पडते ते पाहायचे. ती ५ सेंटिमीटरहून अधिक पुढे गेली की माणूस सतत पुढे झुकतो, उभे राहण्यातच त्याची शक्ती खर्ची पडते. अक्कांची रेषा त्या मर्यादेच्या आत आहे, ही माझ्या मते त्यांच्या साऱ्या कागदांतली सर्वांत चांगली बातमी आहे.

बाजूने पाहिल्यावर दिसणाऱ्या या तोलाचे महत्त्व डॉक्टरांनाही उशिराच उमगले. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने वाकड्या झालेल्या मुलांच्या पाठीसाठी पोलादी सळ्या बनवल्या आणि १९६० नंतर त्या जगभर गेल्या. समोरून पाठ सरळ दिसे. पण सळी कंबरेत खालपर्यंत नेली की तेथील नैसर्गिक खोलगटपणा नाहीसा होई आणि तेच रुग्ण पुढे चाळिशी-पन्नाशीत झुकून चालू लागत.

शस्त्रक्रियेचे पर्याय तीन. फक्त नसांवरचा दाब काढणे. दाब काढून एक-दोन मणके स्क्रूंनी जोडणे. किंवा छातीच्या खालच्या मणक्यांपासून थेट कटिबंधापर्यंत, म्हणजे कंबरेखालच्या रुंद हाडापर्यंत, स्क्रू आणि सळ्या घालून सारे एकसंध करणे. पहिला सर्वांत लहान, पण मणका जेथे बाजूला घसरला आहे तेथे नुसते हाड कोरले तर तो आणखी घसरण्याची भीती असते. तिसऱ्यात निदान तिघांमागे एकाला काही ना काही गुंतागुंत होते: जंतुसंसर्ग, हाड न जुळणे, सळी तुटणे, जोडलेल्या भागाच्या लगेच वरचा मणका पुढे कोसळणे. शिवाय कंबर कायमची ताठ होते. जमिनीवरची वस्तू उचलणे, पायात मोजे घालणे, शौचानंतर हात मागे पोचणे हे सारे अवघड होते. हा शेवटचा मुद्दा संकोचापोटी कोणी काढत नाही. तू सर्जनना तो स्पष्ट विचार.

घाईचे कारण मला दिसत नाही. अशा कंबरेच्या बाकावर उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांना दोन वर्षांनी अधिक बरे वाटले हे खरे, पण न केलेले बहुतेक जण होते तसेच राहिले, खालावले नाहीत. म्हणून आधी व्यायामोपचार आणि दबलेल्या नसेच्या मुळाशी एक इंजेक्शन, असे मी सुचवतो. पट्ट्याने या वयात बाक सरळ होत नाही. दुखेल तेव्हा थोडा वेळ वापरावा, एवढेच. इंजेक्शनचा उपयोग टिकला नाही तर दुसरा पर्याय, म्हणजे मोजकेच मणके जोडण्याचा, मला योग्य वाटतो.

त्यासाठी दोन गोष्टी आजच सुरू व्हाव्यात. हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, कारण ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाहीत. आणि अक्कांची मशेरी बंद व्हायला हवी. निपाणी इतकी जवळ असल्यामुळे आपल्याकडे तंबाखूला कोणी व्यसन म्हणतच नाही. पण निकोटिनमुळे जोडलेले हाड नीट जुळून येत नाही, मग ते विडीतले असो की मशेरीतले. माझे त्या हसून ऐकतात आणि डबी पदराआड करतात. धाकट्या भावाने सांगितले तर कदाचित मानतील.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. पाऊल उचलता येईनासे झाले, लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या आतली संवेदना बधिर झाली, तर रात्र असो वा दिवस, मला लगेच फोन करून त्यांना सरळ रुग्णालयात हलवावे. हे घरातल्या सर्वांना सांगून ठेव. सर्जनना भेटायला येशील तेव्हा उभ्याने काढलेल्या दोन्ही फिल्म घेऊन ये. मी बरोबर येईन.

तुझा,
वसंत