उदगीरच्या डॉक्टर ताईंना

डॉक्टर ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. भाद्रपदात उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आपल्या कुत्र्याला, टिप्याला, कवटाळून रडत बसलेली बाई आठवत असेल, तर ती मी.

टिप्या रोज पहाटे बांधावर जायचा, हराळी ओरबाडून खायचा आणि पिवळा फेस ओकायचा. कुणी म्हणालं विषबाधा झाली, कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा. एकानं माणसांची अंगदुखीची गोळी दिली होती, ती माझ्या पिशवीतच होती. तसल्या गोळीनं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात, हे तुमच्याकडून ऐकलं आणि माझे हातपायच गळाले.

तुम्ही त्याचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तीही लगेच बसली. "अंगातलं पाणी कमी झालेलं नाही, मावशी," म्हणालात. मग कागदात बांधून आणलेली ओकारी किळस न करता काडीनं उलगडलीत. हराळीची पाती न चावता गिळलेली, लांबच्या लांब होती.

आणि विचारलंत, "रात्री काय खातो?"

हे कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही त्याला सकाळी एकदाच भाकरी-दूध घालायचो. रात्रभर पोट रिकामं, म्हणून पित्त वर येतं, हे तेव्हा कळलं. धडधाकट कुत्र्यांनाही गवत आवडतं, लांडगेही खातात, हेही तुम्हीच सांगितलंत. अमेरिकेत 2008 साली छापलेल्या पाहणीत दीड हजारावर कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं; गवत खाण्याआधी कुत्रं बऱ्याचदा आजारी दिसतं असं सांगणारे शंभरात आठच निघाले. आणि मी त्या मुक्या जीवाला गवतावरून काठीनं हुसकत होते. त्याचं फार वाईट वाटतं.

पण तुम्ही तिथंच थांबला नाहीत. "बांधावर काय फवारलंय?" चारच दिवसांपूर्वी आमच्या मालकांनी सोयाबीनच्या कडेनं तणनाशक मारलं होतं. आता फवारणी झाली की टिप्याला शेडजवळ बांधतो, गवत त्याला घराजवळचंच. लाळ गळाली, अंग थरथरलं, ओकारीत रक्त दिसलं, किंवा पोट फुगून नुसत्या कोरड्या उबळी आल्या, तर घरी काही न पाजता थेट दवाखाना, हे तुमचं सांगणं लेकाकडून मोठ्या अक्षरात लिहून घेऊन शेडच्या पत्र्याला चिकटवलंय. जंताची गोळीही दिली.

रात्री झोपताना आता त्याला अर्धी भाकरी असते. आठवडाभरात पहाटेचा फेस थांबला. हराळी मात्र अजून अधूनमधून खातो, खाऊ दे.

ताई, येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, आमच्या शेतात या. कडब्याची कोप असेल, भज्जी असेल, आंबील असेल. टिप्या भुंकेल, पण तुम्हाला ओळखेल.