घरखर्चाचं बजेट बारा महिन्यांचं करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 1 फेब्रुवारीला केंद्राचं बजेट आलं की दुसऱ्या दिवशी सगळ्याच पेपरात एक ठरलेलं पान असतं, काय स्वस्त काय महाग, आणि खाली चार गृहिणींच्या प्रतिक्रिया. मी ते पान नीट वाचते आणि दरवर्षी वाटतं की आमच्या घरखर्चाचा खरा प्रश्न त्यात येतच नाही. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हापासून साबण, तूप, बिस्किटं ह्यांच्यावरचा कर बजेटात ठरतच नाही, तो जीएसटी कौन्सिल ठरवते आणि वर्षात कधीही ठरवते. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, साबण-शाम्पू-टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आलं, तूप-लोणी 12 वरून 5 वर आलं, आणि घरच्या मेडिक्लेम नि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के कर पूर्ण गेला. आमच्यासारख्यांना त्या दिवसाने जेवढा फरक पडला तेवढा फेब्रुवारीच्या भाषणाने क्वचितच पडतो.

पण मला लिहायचंय ते त्याच्याही पुढचं. आम्ही नाशिकला राहतो, ह्यांची नोकरी एमआयडीसीत, मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई करते, दोन मुलं शाळेत. आजूबाजूला जी घरं बघते त्यातल्या बहुतेकांचा महिन्याचा खर्च तसा बसतो, किराणा दूध भाजी लाईट गॅस पेट्रोल सगळं धरून ओढाताण करून का होईना बसतो. घर मोडतं ते जूनमध्ये, गणपती-दिवाळीत आणि मार्चमध्ये. जूनला शाळेची फी, वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म, रेनकोट, दिवाळीला कपडे, फराळ, भाऊबीज, मार्चला विम्याचे हप्ते, मध्येच गाडीचा इन्शुरन्स, घरपट्टी, आणि लग्नसराईतले आहेर. ह्यातलं एकही अचानक येत नाही, कॅलेंडरवर महिना लिहिलेला असतो, तरी दरवेळी "ह्या महिन्यात जरा जास्त खर्च आला" असंच म्हटलं जातं, मग क्रेडिट कार्ड नाहीतर सोनं गहाण नाहीतर सोसायटीचं कर्ज. महिन्याचं बजेट मांडणाऱ्या घरात हे होणारच, कारण हे खर्च महिन्याचे नाहीतच, वर्षाचे आहेत.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की एप्रिलच्या सुरवातीला एक वही घ्या आणि फक्त वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च लिहून काढा. आमच्या घराचे आकडे देते म्हणजे नुसत्या गप्पा वाटणार नाहीत. दोघा मुलांची फी, पुस्तकं, युनिफॉर्म मिळून 36 हजार. वर्षाचं धान्य-मसाला 24 हजार. मेडिक्लेम आणि दोन टूव्हीलरचा इन्शुरन्स 22 हजार. आयुर्विमा 18 हजार. गणपती-दिवाळी 20 हजार, ह्यात धुणीभांडीवाल्या ताईंचा बोनस पण आला. आहेर आणि गावची जत्रा 10 हजार. गाड्यांची सर्व्हिसिंग, प्लंबर, मिक्सर-फ्रीजची दुरुस्ती 9 हजार. घरपट्टी 5 हजार. बेरीज होते 1 लाख 44 हजार, भागिले बारा म्हणजे महिन्याला 12 हजार. पगार हातात येतो 42 हजार, पण खरं तर तो 30 हजारच आहे असं धरून घर चालवायचं, आणि त्या 30 मधूनच घराचा हप्ता 11 हजार जातो, माझ्या शिलाईचे जे येतात ते भाजी-दुधाला. हा 12 हजाराचा आकडा पहिल्यांदा कागदावर बघितला की छातीत धस्स होतं हे खरं, पण तो खर्च न लिहिल्याने टळत नाही.

हे 12 हजार पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात जायला हवेत, महिनाअखेरीला उरतील ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही. त्या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही, एटीएम कार्ड कपाटात. फी, विमा ह्यांच्यासाठी बँकेची वर्षाची आरडी, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम भरायची ठेव, चांगली, फीची मे मध्ये आणि विम्याची फेब्रुवारीत पूर्ण होईल अशी चालू करायची. पोस्टाची आरडी विश्वासाची आहे पण ती पाच वर्षांची असते, तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, त्यामुळे जूनच्या फीसाठी तिचा उपयोग नाही, ती मुलांच्या कॉलेजसाठी ठेवा. आणि भिशीबद्दल, आमच्याकडे बायका-बायकांची भिशी असते, माझा तिला विरोध नाही, ओळखीतली छोटी असेल तर जरूर लावा, पण फीचे पैसे भिशीत लावू नका कारण चिठ्ठी कुणाची निघेल ते जूनला विचारून निघत नाही, आणि मोठ्या रकमेची भिशी बुडाली तर दाद मागायला कागद नसतो.

आता धान्याचं. मला ह्या विषयावर जरा सविस्तर लिहायचंय कारण नवीन संसार असलेल्या मुली विचारतात की ताई ह्याच्यात खरंच पैसे वाचतात का. वाचतात, पण पीक कधी निघतं ते बघून घेतलं तर. तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते, मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. त्यावेळी आवक असते, माल ताजा असतो आणि निवडून घेता येतो. चार माणसांच्या दोन्ही वेळच्या पोळ्या धरून आम्हाला वर्षाला पावणेदोन ते दोन क्विंटल गहू लागतो. पॅकबंद आट्याच्या पिशवीशी तुलना करून बघा, गिरणीचं दळण धरूनसुद्धा किलोमागे चांगले पैसे राहतात आणि पोळी मऊ होते ती वेगळी. गहू घेताना मूठभर दाताखाली चावून बघायचा, कटकन तुटला तर वाळलेला आहे, मऊ लागला तर ओल आहे, तो कोठीत टिकणार नाही. घरी आणला की दोन-तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात घालायचा आणि मग, हे महत्त्वाचं, संध्याकाळी लगेच भरायचा नाही, रात्रभर पसरून गार होऊ द्यायचा. गरम गहू कोठीत भरला की आत वाफ धरते आणि श्रावणाच्या आत पोरकिडे होतात. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं, गव्हात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथराने घालायचा, बिबवे टाकायचे. दुकानात ज्या गोळ्या मिळतात, ज्यातून फॉस्फीन वायू निघतो, त्या कृपा करून घरात आणू नका, त्याने झोपेत माणसं गेलेली आहेत, दहा किलो गहू किडला तरी चालेल.

कांद्याचंही तसंच. आमच्या जिल्ह्यात लासलगाव असल्यामुळे सगळे समजतात नाशिककरांना कांदा फुकट मिळतो, तसं काही नाही. पावसाळी लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्याला लागेल तेवढाच घ्यायचा. एप्रिल-मे मधला उन्हाळ कांदा मात्र हवेशीर जागी पसरला तर चार-पाच महिने राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात शेतकऱ्यांच्या साठवणीच्या चाळीतला कांदा संपत येतो आणि नवीन लाल अजून आलेला नसतो, तेव्हा बहुतेक वर्षी भाव चढतो. 40 किलो घेऊन ठेवला तर ते दोन महिने निभावतात. ज्यांची एकच खोली आहे, दमट आहे, त्यांनी वर्षाचं भरू नये, चार महिन्यांचं भरावं. आणि उसने पैसे काढून किंवा कार्डावर ईएमआय करून तर अजिबात भरू नये, बाजारात जे वाचलं ते व्याजात जातं.

क्रेडिट कार्डाबद्दल दोनच वाक्यं. बिलावर "कमीत कमी रक्कम" लिहिलेली असते ती भरली की सुटलो असं तरुण मुलांना वाटतं, पण उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला 42 टक्के, गावातल्या सावकाराला आपण नावं ठेवतो आणि हे खिशात घेऊन फिरतो. पूर्ण बिल भरायची ऐपत असेल त्याच महिन्यात कार्ड वापरावं.

लाईटचं बिल लोक घाबरून वाचतच नाहीत. महावितरणचे टप्पे आहेत, 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा. 300 च्या वर गेलं की सगळंच बिल वरच्या दराने येतं असा गैरसमज आहे, तसं नसतं, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, पण तो दर इतका जास्त आहे की शेवटचे 30-40 युनिट वाचवणं सगळ्यात फायद्याचं. जुना पंखा 75 वॅटचा असतो, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणारा, 30 वॅटच्या आसपास, दिवसाला 12 तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात. दोन खोल्यांचे पंखे बदलले की खालच्या टप्प्यात येता येतं. एकदम बदलायचे नसतील तर एक यंदा एक पुढच्या वर्षी, वर्षखर्चाच्या वहीत लिहून.

घरपट्टी एप्रिल-मे मध्ये भरली तर बऱ्याच महापालिका सूट देतात, आमच्याकडे नाशिकलाही मिळते. विम्याचा हप्ता महिन्याला भरण्यापेक्षा वर्षाचा एकदम भरला तर बहुतेक पॉलिसीत कमी पडतो. पण हे फायदे ज्याच्याकडे त्या महिन्यात रक्कम तयार आहे त्यालाच मिळतात, हातावर पोट असलेल्याला सगळं महागच पडतं, म्हणून तर ती रक्कम आधीपासून साठवायची.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. काटकसर म्हटलं की ती बाईच्या वाट्याला येते. मुलांचं दूध कमी होत नाही आणि होऊही नये, नवऱ्याचं पेट्रोल कमी होत नाही, मग कमी काय होतं तर तिचा चष्मा पुढच्या महिन्यावर, तिची रक्ताची तपासणी दिवाळीनंतर, दात दुखतोय तर लवंग धर. माझ्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका सांगतात, हिमोग्लोबिन 8 आहे पण गोळ्या संपल्या त्या परत आणल्या नाहीत. ही काटकसर नव्हे, हे घराचं नुकसान आहे. वर्षखर्चाच्या वहीत तिच्या तपासणीची ओळ सगळ्यात वर लिहा आणि ते पैसे दुसरीकडे वळवू नका. गोळ्या रोजच्या असतील तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, बीपी-शुगरच्या औषधात मोठा फरक पडतो. तसंच कामवाल्या ताईंचा बोनस कापून, भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयासाठी हुज्जत घालून वाचवू नका, त्यांच्याही घरी जून येतो.

यंदाचं वर्ष जरा वेगळं आहे म्हणून मुद्दाम आत्ताच पत्र लिहितेय. 17 मे पासून 15 जून 2026 पर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला वाण, अनारसे, लेकीला साडी, हे सगळं बरोबर शाळेच्या फीच्या तोंडावर येतंय. ज्यांच्याकडे नवीन जावई आहे त्यांनी आत्तापासून बाजूला टाकायला घ्या, आणि जावईबापूंनी पण चांदीचं ताट नको, जेवणच पुरे, असं आपणहून सांगितलं तर सासू-सासऱ्यांना केवढा दिलासा मिळेल. अधिक महिन्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला आणि दिवाळी नोव्हेंबरमध्ये जातेय, त्यामुळे जून आणि दिवाळीच्या मध्ये थोडा वेळ मिळेल तो वापरून घ्यावा.

आणि आम्हा नाशिककरांसाठी तर 2027 चा कुंभमेळा आहे. 2015 च्या कुंभात पंचवटीकडच्या घरांतून पाहुणे महिनामहिना होते, जवळचे, लांबचे, पाहुण्यांचे पाहुणे. आलेल्याला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही आणि नसावीच, पण गाद्या, जास्तीचं धान्य, गॅस ह्यांचा खर्च खरा असतो. महिन्याला 500 रुपये आजपासून टाकले तर 2027 च्या पावसाळ्यापर्यंत बऱ्यापैकी रक्कम जमते.

आपल्याला माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या पेपरात एक पान वर्षखर्चाच्या कोऱ्या तक्त्याचं छापावं, बारा महिने आडवे आणि खर्च उभे, म्हणजे कापून स्वयंपाकघरात चिकटवता येईल. दुसरी, आपण बाजारभाव देता ते क्विंटलचे आणि घाऊक असतात, ते शेतकरी-व्यापाऱ्यांना लागतात म्हणून जरूर द्या, पण साठवणीच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे, आठवड्यातून एकदा गहू, तांदूळ, तूरडाळ, मिरची ह्यांचे दुकानातले किलोचे भाव पण द्यावेत, तालुक्याच्या गावांचे सुद्धा.

आपली एक नियमित वाचक,
नाशिक