निम्मा अल्बम परीक्षणातून गळला

महोदय,

रविवारच्या पुरवणीत हिप-हॉपच्या गाजलेल्या अल्बमवरील लेखात ‘मॅडव्हिलनी’चा (२००४) समावेश पाहून बरे वाटले. मात्र लेखाचे तीन स्तंभ रॅपर एमएफ डूमच्या यमकांना आणि संगीत करणाऱ्या मॅडलिबच्या वाट्याला ‘संगीतही प्रभावी’ एवढे दोनच शब्द, ही वाटणी पटली नाही. जुगलबंदीच्या परीक्षणात एकाच वादकाबद्दल लिहावे, तसे हे झाले. अल्बमवर कलाकार म्हणून नाव आहे ते ‘मॅडव्हिलन’, म्हणजे या दोघांच्या जोडीचे.

मॅडलिबने यातल्या बऱ्याच बीट्स (रॅपखालचे संगीत) २००२ मध्ये ब्राझीलच्या दौऱ्यात, साओ पावलोच्या हॉटेलच्या खोलीत केल्या. हाताशी होते एक पोर्टेबल टर्नटेबल, एक कॅसेट डेक आणि बॉस कंपनीचा एसपी-३०३ सॅम्पलर. या यंत्राला आठ पॅड, म्हणजे दाबायची बटणे. रेकॉर्डवरचा तुकडा उचलायचा, पॅडवर बसवायचा, फिरवत ठेवायचा. ‘कर्ल्स’मध्ये वाल्दिर काल्मोनची आणि शेवटच्या ‘राइनस्टोन काउबॉय’मध्ये मारिया बेतानियाची ब्राझिलियन रेकॉर्ड ऐकू येते. (याच मॅडलिबने २००७ मध्ये जुन्या हिंदी चित्रपटसंगीताचे तुकडे घेऊन भारतावर एक अख्खा बीट-अल्बम केला. मराठी वाचकाला हे सांगायला हवे होते.)

एवढ्याशा सामग्रीत थरावर थर चढवता येत नाहीत. फिरता तुकडा, म्हणजे लूप, छोटा राहतो, ड्रम बेताचे राहतात आणि मधला भाग गायला मोकळा मिळतो. पण तोच लूप चार मिनिटे फिरला तर कान विटतो. म्हणून २२ ट्रॅक ४६ मिनिटांत संपतात, सरासरी दोन मिनिटांना एक, आणि पुन्हापुन्हा येणारा हूक बहुतेक ठिकाणी नाहीच. लेखकाने याला ‘तुटकपणा’ म्हटले आहे. आमच्या मते तो दोघांनी मिळून घेतलेला निर्णय आहे: वर्स (रॅपचे कडवे) संपली की गाणे संपले.

अल्बम बाजारात येण्याच्या वर्षभराहून अधिक आधी कच्ची प्रत इंटरनेटवर फुटली आणि काम थांबले. दोघे आपापल्या दुसऱ्या कामांना लागले. नंतर परतल्यावर डूमने बरेच शब्द पुन्हा रेकॉर्ड केले, आवाज खाली आणून, संथपणे. दोन्ही प्रती लागोपाठ ऐकाव्यात. पहिल्या प्रतीत रॅपर बीटला ढकलतो, अंतिम प्रतीत तो तिच्यावर रेलून बसतो. बीटमध्ये जागा होती म्हणूनच हा बदल पेलला गेला. भरगच्च बीटवर असा खालचा आवाज बुडाला असता.

हे सगळे लिहायचे कारण असे की आपल्याकडे मराठीत रॅप करणाऱ्या नव्या जोड्या नेमक्या इथेच अडखळताना दिसतात. रॅपर तयार एमपी३ बीट उतरवून घेतो आणि त्यावर आवाज चढवतो. त्या फाइलवर लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) आधीच लागलेला असतो, आवाजाला जागा उरत नाही. मग आवाज वाढवला की सगळेच फाटते. प्रोड्यूसरकडून प्रत्येक वाद्याचे वेगळे स्टेम मागावेत: २४ बिट वेव्ह, सगळे गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारे, मास्टरवरचा लिमिटर काढलेला, सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास. फाइलच्या नावातच टेम्पो आणि सॅम्पल रेट (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने) लिहावा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ समजून वाजली तर वेग जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतो, सूर दीड सेमीटोन चढतो आणि आवाज बेसूर का लागतोय याचा शोध रात्रभर चालतो.

९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा, म्हणजे सोळा बारची वर्स पाऊण मिनिटाच्याही आतली. मराठीत दीर्घ स्वर आणि जोडाक्षरे भरपूर. प्रत्येक बारमध्ये, ठोक्याला चार अशा, सोळाच्या सोळा जागा अक्षरांनी भरल्या तर श्वासाला जागा नाही आणि शब्दही कळत नाहीत. शब्द स्पष्ट करणारा भाग साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. सॅम्पलमधली पेटी किंवा गायिका तिथेच बसली असेल, तर आवाज चढवण्याऐवजी त्या सॅम्पलचा तेवढा पट्टा दोन-तीन डेसिबल उतरवावा. ‘स’, ‘श’ टोचत असतील तर त्याचा इलाज डी-एसर, म्हणजे असे उच्चार दाबणारे साधन. हे काम रॅपरचे नाही, परीक्षणात ज्याचे नाव गळते त्याचे आहे.

कागदावरही, म्हणजे हक्कांच्या व्यवहारात, बीट करणारा असाच गळतो. ‘पाच सेकंदांचे सॅम्पल चालते’ हा निव्वळ गैरसमज. कॉपीराइट कायद्यात अशी सूट नाही. परवानग्या दोन लागतात, ध्वनिमुद्रणाची आणि मूळ शब्द-चालीची. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. गदिमा १९७७ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. रेकॉर्ड जुनी म्हणून मोकळी, असे धरून चालू नये. भाड्याने घेतलेल्या बीटचा घोळ निराळाच. तीच बीट आणखी दहा जणांकडे असते, त्यातला एखादा आपले गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणे ओळखून दावा लावणारी यंत्रणा) टाकतो आणि बाकीच्यांच्या व्हिडिओवर दावे येऊ लागतात.

म्हणून गाणे अपलोड करण्याआधी, शक्यतो रेकॉर्डिंगच्याच दिवशी, एका पानावर लिहून सह्या कराव्यात: शब्द कोणाचे, संगीत कोणाचे, टक्केवारी किती. हिप-हॉपमधला रिवाज शब्दांना निम्मा, बीटला निम्मा. आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) रॅपरने गीतकार आणि बीट करणाऱ्याने संगीतकार म्हणून सभासद व्हावे आणि दोघांनीही तीच टक्केवारी नोंदवावी. आकडे जुळले नाहीत तर पैसे अडकतात.

आपल्या पुरवणीत अल्बमच्या माहितीची जी चौकट छापली जाते, तिच्यात सध्या गायक, कंपनी आणि वर्ष एवढेच असते. पुढच्या भागापासून तिथे बीट आणि मिक्सिंग करणाऱ्यांची नावेही द्यावीत, ही विनंती.

– एक ध्वनिमुद्रक, पुणे