दाढ किडल्यावर चिठ्ठी नको, किडण्याआधी लेप लावा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, कोल्हापूर

सविनय नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं नंतर. जिल्हा परिषद शाळांतल्या पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाच्या दातांना वर्षातून दोनदा फ्लोराईड व्हार्निश, म्हणजे कीड रोखणारा लेप, लावा, आणि अंगणवाडीत पोरांकडून रोज एकदा फ्लोराईडच्या पेस्टने दात घासून घ्या.

पहिली-दुसरीच का? वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कळतच नाही. किडलेली दाखवली की आई म्हणते, "दुधाचीच हाय न्हवं, पडंल की." ती पडत नाही, ठणकायला लागते. मग रूट कॅनॉल, आणि तेवढे पैसे नसतील तर दाढ काढणं, तेही दहा-बारा वर्षांच्या पोराची. नव्या दाढेचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं आणि माथ्यावर खोल खाचा असतात, त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिला जपावं लागतं.

कीड लागते कशी? तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. सामू (pH; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. मग लाळ ते आम्ल निवळवते आणि गेलेले क्षार परत बसवते. फ्लोराईडमुळे हे परत बसणं वेगानं होतं, आणि बसलेला थरही जास्त चिवट असतो. तो साधारण ४.५ पर्यंत तग धरतो. सकाळी चहा-बटर, मधल्या सुट्टीत गोळ्या, संध्याकाळी गुळाचा खडा असं चाललं की लाळेला उसंतच मिळत नाही. (गूळ आपल्या जिल्ह्याचा अभिमान खरा, पण जंतूंना गूळ काय नि साखर काय, सारखंच.)

फ्लोराईड म्हटलं की पालक बिचकतात, मोबाईलवर 'विष आहे' म्हणून मेसेज फिरतात. या भीतीला आधार आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात जादा फ्लोराईड आहे. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, हाडं आखडतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम सांगतं; दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. पण दात वाचवतं ते मुख्यतः दाताला बाहेरून लागणारं फ्लोराईड. म्हणून नळाच्या पाण्यात काही घाला, असं मी म्हणत नाही. पेस्टही बेताचीच हवी: तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर कामाचं तेवढं धुऊन जातं. 

व्हार्निश म्हणजे ५ टक्के सोडियम फ्लोराईडचा चिकट लेप. दात पुसायचे, छोट्या ब्रशनं लावायचा. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. दातांची खुर्ची लागत नाही, वीज लागत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात व्हार्निशमुळे कायमच्या दातांची कीड सरासरी ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांची ३७ टक्क्यांनी कमी झालेली दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही दातांसाठीचं फ्लोराईड आहे.

माणसंही नव्यानं नेमायला नकोत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतातच. दात तपासणं त्यांच्या कामात आहे, पण कीड दिसली की पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी द्यायची, एवढंच. ज्या दिवशी पोराचं तोंड उघडून बघता, त्याच दिवशी लेप लावायला काय हरकत आहे? पथकातल्या डॉक्टरांना एका दिवसाचं प्रशिक्षण द्या. शिकवायला मी आणि माझ्यासारखे दंतवैद्य विनामोबदला येऊ.

पहिली फेरी जूनमध्ये शाळा भरल्यावर घ्यावी, दुसरी डिसेंबरात; म्हणजे पथकांना शाळेत एकदाऐवजी दोनदा यावं लागेल. डिसेंबरात गळीत हंगाम जोरात असतो. तेव्हा कारखान्यांच्या तळांवर उतरलेल्या ऊसतोड मजुरांची मुलं आपल्या कुठल्याच हजेरीपटावर नसली, तरी त्यांची नावं या यादीत घ्यावीत.

आपली,
करवीर तालुक्यातील एक दंतवैद्य