मागची थप्पी

सांगली,
रविवार, १८ मे २०२५

चि. केतकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोन ठेवलास. मी परत लावला नाही. लावला असता तर तेच पुन्हा बोललो असतो, आणि आवाज चढवून बोललो असतो. आई म्हणाली, लिहून द्या, लिहिताना माणूस जरा थांबतो. विजूआत्या मंगळवारी डोंबिवलीला परत निघाली आहे, तिच्याजवळ हे पत्र देतो.

"तुझ्यासारख्यांमुळेच बँका बुडतात." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते, तू अजून ऑफिसातच होतीस, जेवलीही नव्हतीस. सहा आठवड्यांपूर्वी शिकायला म्हणून इंटर्नशिपला गेलेल्या पोरीला बापाने असं बोलावं? माझं चुकलं, केतू. तेव्हापासून घास गोड लागलेला नाही.

ज्या कर्जाच्या फाइलीवरून आपलं वाजलं, तिच्याबद्दल या पत्रात अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

इकडे सगळं ठीक आहे. वळवाने झोडपलं, त्यामुळे गच्चीचं काम तसंच राहिलंय. तात्यांचा डोळा आता बरा आहे. दिवसातून दोनदा विचारतात, "केतकी शेअर बाजारात लागली काय?" तिचं काम कर्जाचं आहे, हे मी किती वेळा सांगितलं, पण त्यांना तुझं ऑफिस असलेलं बीकेसी म्हणजे दलाल स्ट्रीटच वाटतो. तू पहिल्या स्टायपेंडमधले पाच हजार आईला पाठवलेस, तो मेसेज तिने अजून पुसलेला नाही. फोन भरलाय, फोटो निघत नाहीत, तरी तो मेसेज राहू दे म्हणते.

आणि मी मार्केट यार्डात सगळ्यांना सांगून आलोय. हळदीचे सौदे चालू होते, कुणाला ऐकायला वेळ नव्हता, तरी सांगितलं. आमच्या बँकेत कर्ज विभागात जायला मला अकरा वर्षं लागली. तुला पहिल्याच महिन्यात प्रपोजलची नोट लिहायला दिली. दिवाळीत करंज्या भरता भरता तू मला आयएल अँड एफएस या बुडालेल्या वित्त कंपनीचं समजावून सांगितलंस. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यांत सुरक्षित असं रेटिंग, आणि सप्टेंबरात डी, म्हणजे कर्ज थकलेलं. मला तोवर ते नीट कळलेलं नव्हतं. सांगून झाल्यावर तू थांबलीस आणि म्हणालीस, "बाबा, त्या ट्रिपल एच्या कागदाखाली कुणीतरी सही केलीच असेल ना?"

बघ, आलोच फिरून तिथे. आलो आहे तर एकदा नीट लिहितो, मग सोडतो.

तू कर्ज मागणाऱ्या पार्टीचं नाव सांगितलं नाहीस, ते बरोबर केलंस. मलाही सांगू नकोस. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, एवढंच म्हणालीस. खोल्यांचा भरणा ७० टक्के धरला तर डीएससीआर, म्हणजे हप्ता-व्याजाच्या किती पट पैसा हातात येतो तो आकडा, १.०८ येतो, कमिटीला १.२५ लागतो. तुझ्या गाइडने सांगितलं, ७८ धर, १.२८ बसतो. "असम्प्शन आहे बाबा, सगळेच करतात."

शंभर रुपये हप्ता-व्याज असेल तर हातात सव्वाशे हवेत, इतकी साधी ती गोष्ट. ते वरचे पंचवीस कशाला ठेवायचे? एखाद्या वर्षी अवकाळीने द्राक्षं झोडपली, माल कमी आला, तर त्या वर्षासाठी. तेच पंचवीस आपण कागदावर बसून तयार केले, तर त्या वर्षी हप्ता कुठून येणार?

तासगाव भागातली कोल्ड स्टोरेजं मी बघितली आहेत. फेब्रुवारी-मार्चपासून माल यायला लागतो, मेमध्ये खोल्या गच्च होतात. गणपती-दिवाळीच्या मागणीला माल उतरतो आणि डिसेंबर-जानेवारीत आपलाच आवाज खोलीत घुमतो. म्हणजे या दिवसांत जाऊन बघणाऱ्याला भरलेलंच दिसणार, आणि मालकही खोटं बोलत नसणार. तू बारा महिन्यांची सरासरी बघ. हळद, चिंच, मिरची ठेवत असतील तर ७८ येईलही. आली तर ७८ लिही, निर्धास्त लिही. फक्त आधी खोलीवार आवक-जावकेचं रजिस्टर आणि महावितरणची वर्षभराची बिलं मागव. रजिस्टर मालकाचा माणूस लिहितो, मीटर तो लिहीत नाही.

गाइडशी भांडू नकोस. "सर, ७० ला हा आकडा, ७८ ला हा, दोन्ही तक्त्यात दाखवते," एवढंच म्हण. ठरवायचं ते कमिटी ठरवेल. पण ज्या नोटेखाली 'तयार करणार' म्हणून तुझं नाव आहे, तिच्यात तुला स्वतःला न पटलेला आकडा…

शिकवायला लागलो. कॉलेजात तुला याहून नीट शिकवलं असेल. माफ कर.

आता जे लिहितो ते तुला कधी सांगितलेलं नाही. आईला माहीत आहे. २००४ च्या मार्चअखेरची गोष्ट. तू दोन वर्षांची होतीस आणि तापाने फणफणली होतीस. मला एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या गोडाउनची तपासणी करायची होती, त्याचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, रिन्यू करायचं होतं. तो दर महिन्याला शिल्लक मालाचं स्टॉक स्टेटमेंट द्यायचा. त्यातून देणी आणि पंचवीस टक्के मार्जिन वजा करून आम्ही ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्याला किती रक्कम उचलता येईल ते, काढायचो. सगळं त्या स्टेटमेंटवर उभं. मी गेलो. समोर हळदीची थप्पी छतापर्यंत. एका पोत्याला बंबू, म्हणजे नमुना काढायची पोकळ सळई, मारून बघितलं, हळद उत्तम निघाली. मागे जायला वाट नव्हती. चार-दोन पोती हलवा म्हटलं असतं तर हमाल तिथेच बसले होते.

मी म्हटलं नाही. "स्टॉक प्रत्यक्ष पाहिला, स्टेटमेंटप्रमाणे आढळला," असं लिहून सही केली.

तुझ्या तापाचं कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत आलो. ते खरं नाही. मालक हसून बोलत होता, चहा आला होता, आणि लिमिट आजच रिन्यू करायचंय हे साहेबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. पोती हलवा म्हणायची मला लाज वाटली. दोन वर्षांनी वसुलीसाठी गोडाउन उघडलं तेव्हा पुढच्या दोन थप्प्या हळदीच्या होत्या, मागे सगळा कोंडा भरलेला.

माझ्या एका सहीने बँक बुडाली नाही, एवढं मला कळतं. संचालकांच्या पाहुण्यांची कर्जं कितीतरी मोठी होती. पण २००९ साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, एका खात्यातून हजार रुपयांच्या वर द्यायचे नाहीत असा आदेश लागला, तेव्हा कॅश काउंटरवर मला बसवलं होतं. रांग पार रस्त्यावर गेली होती. ताक विकणारी ती बाई तुला आठवत नसेल. तिचे एक लाख चाळीस हजार होते, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले. ठेवीवरचा विमा तेव्हा एक लाखाचाच होता, पाच लाखांचा झाला तो २०२० मध्ये. बँकेचं लायसन रद्द झाल्यावर तिला ते लाख मिळाले, तेही खेटे घालून. वरचे चाळीस राहिले. अजून मंडईत दिसते ती. मी पलीकडच्या गल्लीने जातो.

तू शाळेतून येऊन काउंटरच्या आत माझ्या स्टुलाला टेकून उभी होतीस. सगळं ऐकत होतीस. मग मोठ्याने विचारलंस, "बाबा, ते त्यांचेच पैसे आहेत ना? मग देत का नाही?" रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. तुला सात वर्षांची असताना जे कळत होतं…

नको. तू परवा "सगळेच करतात" म्हणालीस, तेव्हा मला त्या गोडाउनात चहाचा कप धरून उभा असलेला मी दिसलो. त्याला जे बोलायचं राहिलं होतं, ते तुला बोललो.

पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतर तिथेच पक्की नोकरी, मिळाली नाही तर शिक्षणाचं साडेनऊ लाखांचं लोन कोण फेडणार, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं, आता देतो. त्या कागदावर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे, आणि ती मी प्रत्येक पान वाचून केली आहे. कोर्स संपल्यावर हप्ते सुरू व्हायला थोडा काळ मिळतो, तोवर तुला नोकरी लागेल. नाही लागली तर माझा यार्डातला पगार आहे, दादाही आहे. गच्ची पुढच्या वर्षी करू. भीती मला वाटत नाही असं नाही. रात्री जाग आली की मीही आकडे मांडत बसतो. आणि ती पीपीओ तुला मिळावी असं मला किती वाटतं, ते मी तुला फोनवर कधी कळू दिलं नाही. खूप वाटतं. पण त्या पैशाचं ओझं घेऊन तू फाइलीवर बसू नकोस. ते माझ्याकडे राहू दे.

उशीर झाला तर कुर्ल्याला जाताना शेअर रिक्षात एकटी बसू नकोस, सोबत बघ. निघताना आत्याला फोन कर, ती जागीच असते. घरी बारा वाजता पोहोचलीस तरी चार घास खाऊन झोप.

आत्याबरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो भडंग पाठवतोय. भडंग ऑफिसात वाट. तुझ्या त्या गाइडलाही दे. माणूस वाईट नसेल, त्याच्याही डोक्यावर कुणाचं तरी टार्गेट असेल.

फोन तुला वाटेल तेव्हा कर. मी आवाज चढवणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. बिलात युनिट बघ, रक्कम नको, दर मध्येच बदलतात. आणि उन्हाळ्यात खोली अर्धी रिकामी असली तरी कॉम्प्रेसर जास्त चालतो, तेवढं मनात धरून बाकीच्या महिन्यांशी ताडून बघ.