तक्रार: एकावर एक ठेवण्यासाठी विकलेल्या वॉशिंग मशीन व ड्रायरला बसणारे स्टॅकिंग किट न देण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कस्टमर केअरशी आजचे बोलणे संपताच हे पत्र लिहीत आहे. बिल, वॉरंटी कार्ड, तक्रारींचे क्रमांक आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत, त्यामुळे तारखांची उजळणी करत नाही. खाली फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणि त्यावर ड्रायर, अशी जोडी म्हणून आपण आम्हाला ही दोन यंत्रे विकलीत. या दोहोंना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारे स्टॅकिंग किट मात्र या जोडीला बसतच नाही. ड्रायर आज मशीनवर नुसता ठेवलेला आहे.

खरेदी आपल्या कंपनीच्याच दालनात झाली, त्यामुळे दुकानदाराकडे बोट दाखवण्याची सोय आपल्याला नाही. आमच्या ठाण्यातील घराच्या ड्राय बाल्कनीची मापे मी कागदावर लिहून आणली होती आणि तो कागद आपल्या विक्री प्रतिनिधीने स्वतःच्या हाताने बिलाला टाचला. रुंदी तीन फूट, म्हणजे जेमतेम ९१ सेंमी. प्रत्येकी ६० सेंमी रुंदीची दोन यंत्रे तिथे शेजारी शेजारी राहू शकत नाहीत, हे पाहूनच त्यांनी एकावर एक रचना सुचवली. आमच्या घरात सहा माणसे आहेत. आम्ही दोघे नोकरी करतो, दोन मुलांचे गणवेश रोज लागतात आणि सासरे अंथरुणाला खिळून असल्याने त्यांच्या चादरी रोज बदलाव्या लागतात. जून ते सप्टेंबर या काळात ठाण्याच्या हवेत दोरीवरची चादर दुसऱ्या दिवशीही ओलसर असते आणि तिला कुबट वास येतो. ज्याच्या पाठीला जखमा होण्याची भीती आहे अशा माणसाला ती घालता येत नाही.

एकाच ड्रममध्ये धुणारे आणि वाळवणारे यंत्रही आम्ही पाहिले होते. अशा यंत्रात वाळवण्याची क्षमता धुण्यापेक्षा कमी असते, आठ किलो धुणाऱ्यात साधारण पाच किलोच वाळतात, आणि कपडे वाळत असताना पुढचा घाणा टाकता येत नाही. आमच्यासारख्या घरात हाच मुद्दा निर्णायक होता: वर पहिला घाणा वाळत असताना खाली दुसरा धुतला गेला पाहिजे. हवा बाहेर सोडणाऱ्या ड्रायरसाठी चार इंची नळी भिंतीपार काढावी लागते आणि बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला आमची सोसायटी परवानगी देत नाही, म्हणून कंडेन्सर पद्धतीचा, म्हणजे अशी नळी न लागणारा ड्रायर ठरला. हे सगळे प्रश्न मी विचारले होते. किटबद्दलही स्पष्ट विचारले होते आणि उत्तर मिळाले होते, "मॅडम, आपल्या सगळ्या मॉडेलना एकच किट चालते, काळजी करू नका."

ते चालत नाही. आपल्याच माहितीपुस्तिकेप्रमाणे या मशीनची खोली ५२ सेंमी आणि ड्रायरची ६० सेंमी आहे. किट कोणत्या मॉडेलना लागू आहे त्याची यादी त्याच पुस्तिकेत छापली आहे आणि आमचे मशीन त्या यादीत नाही. किटशिवाय ड्रायर मशीनवर ठेवू नये, अशी ठळक सूचनाही तिथे आहे. तरीही आपल्या टेक्निशियनने किटची पट्टी लावून पाहिली, ती बसेना म्हणून बाजूला ठेवली, ड्रायर उचलून वर ठेवला, चार पायांखाली रबराचे तुकडे सारले आणि काम पूर्ण झाल्याचा ओटीपी मागून घेतला. ज्या कंपनीने ही सूचना छापली तिच्याच माणसाने ती मोडली, याचे उत्तर मला कोणीही दिलेले नाही.

त्याचा परिणाम मी मोजला आहे. ड्रायरच्या कडेशी भिंतीच्या टाइलवर पेन्सिलने रेघ मारली आणि मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या स्पिनवर एक घाणा पूर्ण होऊ दिला. मशीन थांबले तेव्हा ड्रायर त्या रेघेपासून दोन बोटे पुढे सरकला होता आणि पुढच्या डाव्या पायाखालचा रबराचा तुकडा जमिनीवर पडला होता. तो पाय मशीनच्या अगदी काठावर टेकला होता. दुपारी घरी फक्त सासूबाई असतात. त्यांची उंची बेताची असल्याने त्या ड्रायरचे दार हात उंच करून स्वतःकडे ओढतात. हे वाचून आपल्याला काय वाटते ते मला ठाऊक नाही, पण मी त्या दिवसापासून ड्रायरला कोणालाही हात लावू दिलेला नाही.

तक्रार केल्यावर आलेल्या दुसऱ्या टेक्निशियनने स्पिन ६०० वर ठेवण्यास सांगितले. स्पिन जितका कमी तितके पाणी कपड्यांत राहते आणि ते पाणी पुढे ड्रायरला वीज जाळून काढावे लागते, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. वरून त्यांनी दोन्ही यंत्रे एका वेळी चालवू नका असेही सांगितले. मग आम्ही दोन यंत्रे घेतली कशासाठी?

विजेच्या बाबतीतही असेच झाले. एकाच १६ अँपिअरच्या पॉइंटवर दोन्ही चालतील, असे दालनात सांगितले होते. मशीनचा हीटर २००० वॉट आणि ड्रायर २५०० वॉट. २३० व्होल्टला १६ अँपिअरचा पॉइंट ३६८० वॉटच्या पुढे भार घेऊ शकत नाही. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडू लागल्यावर आम्ही स्वखर्चाने वायरमन बोलावून दुसरा पॉइंट काढून घेतला. त्याची पावतीही जोडली आहे.

आता आजच्या फोनबद्दल. आपल्या प्रतिनिधीने माझे म्हणणे अर्धवट ऐकून विचारले, "मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना फोन द्या, मी त्यांना समजावतो." मी सांगितले की बिल माझ्या नावावर आहे, मापे मी घेतली आहेत आणि जे समजवायचे ते मला समजवावे. त्यावर ते म्हणाले, "कपडे धुताना ड्रायर खाली उतरवून ठेवायचा आणि धुऊन झाले की परत वर ठेवायचा. म्हणून तर जेन्ट्सना विचारलं." ड्रायरचे वजन किती, असे मी विचारले. मला होल्डवर ठेवण्यात आले, आपली जाहिरात ऐकवण्यात आली आणि परत येऊन त्यांनी शांतपणे सांगितले, "चाळीस किलोच्या आसपास." म्हणजे प्रत्येक घाण्याला चाळीस किलोचे यंत्र उतरवायचे आणि चढवायचे का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवण्याचा सल्ला दिला. बाल्कनी तीन फुटांची आहे आणि ते माप आपल्याच नोंदीत आहे, असे मी सांगितल्यावर उत्तर आले, "मग मॅडम, घेताना जागा बघायला हवी होती." आणि लगेच, त्याच आवाजात, "आपला फोन संपल्यावर रेटिंगचा मेसेज येईल, पाच द्याल ना?"

जागा मी पाहिली होती. जागेचा कागद आपल्याकडे बिलाला टाचलेला आहे. जे पाहायचे राहिले ते आपल्या माणसांचे: आपलीच दोन मॉडेल एकमेकांवर बसतात की नाही, एवढे पाहणे. त्याचा दोष ग्राहकावर ढकलणे आणि तो ढकलताना घरातील पुरुषाला फोनवर बोलावणे, हा मी माझा अपमान समजते आणि त्याबद्दल मला लेखी माफी हवी आहे.

माझ्या माहेरी साताऱ्याला आपल्याच कंपनीचा फ्रिज वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला. त्याच विश्वासावर बाकीच्या कंपन्यांची दालने न फिरता आम्ही आपल्याकडे आलो. तो विश्वास आपण गमावला आहे, हे मी रागाच्या भरात नव्हे, विचारपूर्वक लिहीत आहे.

माझी मागणी अशी आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत, एकतर या जोडीला अधिकृतपणे लागू असलेले किट द्यावे, किंवा ते अस्तित्वातच नसेल तर हे मशीन परत घेऊन ड्रायरला जुळणारे, आपल्या यादीतील मॉडेल त्याच किमतीत बसवून द्यावे. दोन्ही शक्य नसल्यास दोन्ही यंत्रांची पूर्ण रक्कम आणि वायरमनचा खर्च परत करावा. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा आयोगात दाद मागेन. हा कायदा मला मी राहते तेथेच तक्रार दाखल करू देतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्कही लागत नाही. त्यामुळे मी कंटाळून गप्प बसेन, असे कृपया धरून चालू नये.

तोवर ड्रायरचा प्लग काढलेला आहे. आपला माणूस येईल तेव्हा त्याने किट बसवावे, माझ्यासमोर १२०० फेऱ्यांवर पूर्ण स्पिन चालवावा आणि ड्रायर पेन्सिलच्या रेघेवरून हललेला नाही हे दाखवावे. त्याआधी तक्रार बंद करण्याचा ओटीपी मी देणार नाही, आणि तो न घेता "आपली तक्रार निकाली काढली आहे" असा संदेश पुन्हा आल्यास तोही या पत्राच्या पुराव्यांत जोडला जाईल.

आपली,
एक ग्राहक, ठाणे