कट्ट्यांवर लोखंडी ठोकळे बसवण्याआधी

संपादक महोदय,

चौकातल्या दगडी कट्ट्यांवर स्केटबोर्ड घासले जाऊ नयेत म्हणून कडेला हातहातभर अंतरावर लोखंडी ठोकळे बसवायचे, हा उपाय अनेक शहरांनी करून पाहिला आहे. ठोकळे बसले की मुलं पुढच्या कट्ट्यावर जातात आणि घटकाभर टेकायला आलेल्यांची सोय मात्र जाते.

मुळात कट्टा फुटतो कशाने? ग्राइंड करताना, म्हणजे बोर्ड कडेवरून घासत नेताना, कडेवरून चाकं नव्हे, चाकांच्या मधला ॲल्युमिनियमचा आस (याला ‘ट्रक’ म्हणतात) घासत जातो. विटांच्या बांधकामावर २० मिमीची ग्रॅनाइट फरशी नुसती चिकटवलेली असेल, तर तिचे टवके उडणारच. त्याऐवजी अखंड दगड वापरावा, किंवा काँक्रीटच्या कडेला ५० × ५० × ६ मिमीचा लोखंडी अँगल (काटकोनी पट्टी) द्यावा. तो नंतर स्क्रूने ठोकू नये. काँक्रीट ओतण्याआधीच साच्यात बसवावा, मागे साधारण ३० सेंमीवर सळईचे तुकडे वेल्ड करून. अँगलच्या वरच्या बाजूला अधूनमधून भोकं हवीत. ती नसली तर हवा आत कोंडते, खाली पोकळी राहते आणि प्रत्येक ग्राइंडला पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज येतो. शेजाऱ्यांच्या बऱ्याच तक्रारी या आवाजाच्याच असतात. दोन अँगलचा सांधाही ग्राइंडरने सपाट करावा. तिथे ट्रक अडला की बोर्ड जागच्या जागी थांबतो, माणूस थांबत नाही. बोर्ड सहज घसरावा म्हणून मुलं कडेला मेण चोळतात; त्याचे काळे डाग ही तक्रार रास्त आहे, पण लोखंडी कडेला मेणही कमी लागतं.

जमिनीचंही तसंच. रस्त्यावरच्या बोर्डाची चाकं जेमतेम ५२ ते ५४ मिमीची आणि कडकपणाच्या ‘ए’ मापावर ९९ए ते १०१ए इतकी कडक असतात. हरभऱ्याएवढा खडा त्यांना अडवायला पुरतो. पेव्हर ब्लॉकच्या फटींवर ती खडखडतात. सलग, गुळगुळीत घोटलेलं काँक्रीट आणि त्यात करवतीने कापलेले अरुंद सांधे असावेत. थापीने ओढलेल्या रुंद खाचा नकोत.

यावर ‘मग वेगळं स्केटपार्कच बांधून देऊ’ असं म्हटलं जातं. अवश्य द्यावं, पण कॅटलॉगमधून रॅम्प मागवून कुंपणाला टेकवून ठेवले की ते ओस पडतात. बोर्डाला वेग घ्यायला आणि उतरल्यावर सावरायला जागा लागते. दोन रॅम्पमध्ये चार पावलंच अंतर असेल तर नुसतं तोल सांभाळणं होतं. रॅम्पच्या माथ्यावरचा ६० मिमीचा पाइप पृष्ठभागापासून सुमारे ६ मिमी बाहेर डोकवायला हवा. तो पृष्ठभागात बुडाला तर ट्रकला पकड मिळत नाही, २० मिमी बाहेर आला तर खाली येताना मागची चाकं अडकतात. हे बारकावे निविदेत उतरत नाहीत, रोज पडणाऱ्यांना ते पाठ असतात.

लंडनच्या साउथबँक सेंटर या कलाकेंद्राखालची जागा स्केटबोर्डसाठी बांधलेलीच नव्हती. तिथले उतार १९७० च्या दशकापासून मुलांनी आपलेसे केले. जागा हलवण्याचा बेत आला तेव्हा मोठी मोहीम झाली आणि २०१४ मध्ये ती तिथेच ठेवायचं ठरलं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये बर्नसाइड पुलाखाली १९९० मध्ये मुलांनी परवानगीविना स्वतःच काँक्रीट ओतायला सुरुवात केली, नगरपालिकेने मान्यता दिली ती नंतर. अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियाने स्केटबोर्डवाल्यांच्या आवडत्या लव्ह पार्क या चौकात स्केटिंगला बंदी घातली, २०१६ मध्ये ते उखडलं. तिथल्या ग्रॅनाइटचे दगड पुढे स्वीडनच्या माल्मो शहराने स्केटिंगसाठी मुद्दाम नेऊन बसवले. एकाने टाकलेली कड दुसऱ्याने समुद्रापलीकडे नेली!

तेव्हा नकाशा मंजूर होण्याआधी एका संध्याकाळी जागेवर खडूने कट्टे आणि रॅम्प आखावेत, आणि तिथे रोज खेळणाऱ्यांना त्यावरून मोकळं फिरू द्यावं. कोण कुठून येतो, वाटा कुठे एकमेकींना छेदतात, कुठे टक्कर होईल, हे तासाभरात दिसतं. आणि कोपऱ्यात एक खराटा ठेवावा. झाडायचं कोणी, हे तिथली मुलं ठरवतात.

— एक वाचक